वाघाचा रकाना, मोहाचा रकाना

माझ्या हातून एकदा नाल्याच्या पलीकडची वाघीण अलीकडे आली आणि अलीकडचा मोकळा रान-तुकडा पलीकडे गेला. खरी वाघीण जागची हलली नव्हती. ती आपल्या पिल्लांना घेऊन जिथं होती तिथंच होती. हलवली मी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आणि तेही इतक्या सुबक हिरव्या अक्षरांत, की बघणाऱ्यानं आधी अक्षरांचंच कौतुक करावं. मीही तेच केलं. जिवावर बेतणारी चूक डोळ्यांसमोर होती आणि मी खुर्चीत मागं रेलून स्वतःला म्हणत होते, वा, काय रंग जमलाय!

आज नातवंडांना हे सांगते तेव्हा ती हसतात. मीपण हसते. पण त्या दिवशीची सकाळ आठवली, की अजून उठून पाणी प्यावं लागतं.

तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडे होते. मुलं मोठी झाल्यावर चंद्रपूरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि जंगल खात्याच्या एका छोट्या ऑफिसात कंत्राटावर लागले होते. काम साधं: वनरक्षक जे टिपून आणतील ते मशीनमध्ये भरायचं आणि लोकांना दिसेल असं पान बनवायचं. पण मी नातेवाइकांत सांगायची, 'मी सॉफ्टवेअरमध्ये आहे.' चष्म्याला मोत्यांची साखळी लावली होती. कुणी हाक मारली की चष्मा डोळ्यांवरून काढायचा, छातीवर लोंबू द्यायचा आणि मग सावकाश 'हं, बोला' म्हणायचं. ती बाई आज माझ्यासमोर आली तर मी तिची साखळी ओढून तिला दोन गोष्टी ऐकवीन.

आमच्या गावावरून मोहर्लीच्या जंगल-फाटकाकडं जाणाऱ्या पर्यटकांच्या जिप्सी धावायच्या. त्यात बसलेली माणसं वाघ दिसावा म्हणून पैसे मोजून यायची. आम्ही गावातली माणसं वाघ दिसू नये म्हणून धडपडायचो. मोहाच्या दिवसांत तर फारच. मोहाची फुलं सकाळी पडतात, ती उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, आणि वेचायचं म्हणजे तासन्‌तास खाली वाकून. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चितळ वाटतं. हे आमच्याकडं लहान पोरीलाही ठाऊक असतं. तरी बाया जातात. घरोघरची झाडं ठरलेली असतात. कागदावर कुठं लिहिलेलं नसतं, पण ह्या झाडाखाली ह्या घरानंच टोपली ठेवायची, हे पिढ्यांपासून ठरलेलं. आपलं झाड सोडून दुसऱ्याच्या झाडाखाली जायचं नाही. त्यामुळं वाघ आपल्या झाडाकडं आला तरी जवळच्या दुसऱ्या झाडाकडं सरकायची सोय नाही. एक तर आपल्या झाडाखाली जा, नाही तर घरी बसा.

म्हणून आमच्या ऑफिसच्या साहेबांनी ते पान काढलं. जंगलाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना कक्ष म्हणतात, प्रत्येकाला नंबर. रोज संध्याकाळी वनरक्षक सांगायचे की वाघाचा माग कोणत्या कक्षात आहे आणि कोणता कक्ष मोकळा आहे. ते मी मशीनमध्ये भरायची. पानावर प्रत्येक गावापुढं दोन रकाने: एकात वाघ असलेला कक्ष, दुसऱ्यात मोहासाठी मोकळा कक्ष. सकाळी पंचायतीचा शिपाई मोबाइलवर ते पान उघडायचा आणि भोंग्यावर वाचायचा. गाव त्यावर चालायचं.

आता माझ्या शहाणपणाचं ऐका.

मशीनमध्ये साठवलेली माहिती आपोआप समोर येत नाही. तिला विचारावं लागतं, की बाई, आजच्या तारखेचं अमुक दे, मग तमुक दे. ह्या विचारण्याला क्वेरी म्हणतात. मशीन उत्तरात तक्ता देतं, आणि तक्त्याच्या डोक्यावर रकान्यांची नावं लावतं. पण ती नावं मशीनची असतात. माझ्याआधी जो मुलगा कामाला होता त्यानं रकान्यांना काय वाटेल ती इंग्रजी तुटक नावं देऊन ठेवली होती. पानावर तीच उमटायची. शिपाई बिचारा भोंग्यावर वाचायचा, 'के-वन, के-टू', आणि गाव हसायचं.

तर मी म्हटलं, नावं मराठीत करू. त्याचा सरळ रस्ता होता. क्वेरीतच सांगायचं, की हा रकाना देशील तेव्हा त्याला ह्या नावानं दे. म्हणजे आकडे जिथं जातील तिथं त्यांचं नाव त्यांच्याबरोबर जातं. मी करून पाहिलं, तर मराठी अक्षरांच्या जागी पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग आली. का आली ते शोधायला दोन-चार दिवस बसावं लागलं असतं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्या बाईंना एवढा धीर कुठला! मी काय केलं, तर पानाच्या वर माझ्या हातानं दोन पाट्या लिहून टाकल्या. डावीकडं 'मोहासाठी मोकळा', उजवीकडं 'वाघ आहे'. खाली मशीन आपले आकडे ओतत राहील, वर माझ्या पाट्या. पाट्यांचा आणि आकड्यांचा काही संबंध नव्हता, फक्त एकमेकांच्या वर-खाली होते. रिकाम्या डब्याच्या झाकणावर साखर लिहावं आणि आत कोण काय भरतंय ते बघूच नये, तसं.

काही दिवस ठीक चाललं. मग एका संध्याकाळी साहेब पान बघून म्हणाले, "वाघाचं पहिले दिसलं पाहिजे. माणूस डावीकडून वाचते ना. पहिले धोका, मंग बाकीचं."

बरोबरच होतं त्यांचं. बसची वेळ झाली होती. मी घाईनं क्वेरीत रकान्यांचा क्रम बदलला: आधी वाघाचा कक्ष, मग मोकळा. पान उघडून पाहिलं. आकडे आले होते. तेवढ्यात मनात आलं, पाट्यांचा रंग फिका दिसतोय, धोका आहे म्हटल्यावर ठसठशीत पाहिजे. तो गडद केला. अक्षरं थोडी मोठी केली. पाट्यांवरचा मजकूर मात्र तसाच राहिला: डावीकडं 'मोहासाठी मोकळा', उजवीकडं 'वाघ आहे'. दोन्हीकडं कक्षांचेच नंबर. बघून काही खटकायला जागाच नव्हती. मी पर्स उचलली आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर भोंगा वाजला. शिपायानं आमच्या गावाचा मोकळा कक्ष वाचला. तोच आमच्या झाडाचा कक्ष होता, नाल्यापलीकडचा. सासूबाई दारात टोपली घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडं सासूला मामीजी म्हणतात. मामीजी सत्तरीच्या घरात, पण मोहाला जायचं म्हटलं की अंगात वारं यायचं. तरी त्या दिवशी त्या जरा थबकल्या.

"काल तं तिकडं वाघीण होती म्हणत होते," त्या म्हणाल्या. "रातीतून कुठी गेली?"

आणि मी, चष्म्याची साखळी सरळ करत, म्हणाले, "मामीजी, माझ्या हातानं भरलंय मी. मशीन खोटं बोलत नाही. जा तुम्ही."

"तुह्या मशीनले बी डोळे आहेत का वो?"

"तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

त्या हसल्या आणि गेल्या. शेजारच्या तीन-चार बायाही त्यांच्याबरोबर निघाल्या. मी डबा भरला आणि ऑफिसला गेले.

ऑफिसात पोचले तेव्हा आमच्या भागाचे वनरक्षक भाऊ पान उघडून उभे होते. वयानं माझ्याहून लहान, पण सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडं.

"बाई," ते म्हणाले, "वाघीण तं नाल्याच्या त्या बाजूले आहे. काल सांजेले मीच माग पायला. इथी ते मोकळं काऊन दाखवून राह्यल्या तुमी?"

मी पडद्याकडं पाहिलं. पहिल्यांदा काही समजेना. डावीकडची पाटी वाचली, खालचा आकडा वाचला. मग उजवीकडची. मग कालची संध्याकाळ सगळी एकदम आठवली: साहेब, बस, क्वेरीत उलटलेला क्रम, आणि मी तो गडद केलेला रंग. पाटी हललीच नव्हती. आकडे खालून सरकले होते.

"मामीजी गेल्या," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"कुठी?"

"झाडाकडं. आमच्या."

भाऊंनी वॉकीटॉकीवर दुसऱ्या गार्डला हाक दिली, शिपायाला फोन करून भोंग्यावर बायांना परत बोलवायला सांगितलं आणि गाडीला किक मारली. मी पदर खोचून मागं बसले. त्यांनी नको म्हटलं. मी ऐकलं नाही. कुणाचं ऐकायचं शहाणपण त्या दिवशी माझ्यापाशी उरलं नव्हतं.

त्या वाटेवर फोनला रेंज येत-जात असते. मी लावत राहिले. मामीजींचा मोबाइल घरी खुंटीला पिशवीत असणार हे मला पक्कं माहीत होतं, त्या तो रानात नेतच नसत, तरी लावत राहिले. दोन्ही बाजूला करड्या झालेल्या रानात मोहाखालची जागा ठिकठिकाणी जाळून स्वच्छ केलेली दिसायची, काळे गोल गोल डाग. प्रत्येक काळ्या डागाकडं मी बघायची आणि तिथं कुणी वाकलेलं नाही ना बघायची.

नाल्यापाशी पोचलो तेव्हा बाया वाटेवर आलेल्या दिसल्या. भोंगा त्यांना ऐकू आला होता. धापा टाकत होत्या. मी मोजू लागले आणि मोजायच्या आधीच कळलं.

"मामीजी?"

एकीनं हातानंच मागं दाखवलं. "थ्या त्यांच्या झाडाखाली होत्या. आमी हाका मारल्या. आल्या नाईत. मले वाटलं दुसऱ्या वाटेनं गेल्या असन."

दुसरी रडायलाच लागली. "वानरं ओरडली वो बाई. लय ओरडली."

वानर वाघ पाहिला की ओरडतं. त्या ओरडण्याला आमच्याकडं खोटं कुणी म्हणत नाही.

तेवढ्यात दुसरा गार्ड जीप घेऊन आला. भाऊ आणि तो काठ्या घेऊन, डबा बडवत, आत गेले. मला त्यांनी जीपमध्ये बसवलं आणि दार लावलं. "उतरायचं नाई," भाऊ म्हणाले. "तुमच्या मांगं मले धावता येणार नाई."

मी बसले. माझ्या आयुष्यात मी अनेक ठिकाणी वाट पाहत बसले आहे, बाळंतपणाच्या खोलीबाहेर, तालुक्याच्या दवाखान्यात, पोरांच्या निकालाला. पण त्या जीपमधलं बसणं वेगळं होतं. बाकी ठिकाणी काय व्हायचं ते माझ्या हातात नव्हतं. इथं जे झालं होतं ते माझ्याच हातचं होतं. गरम पत्र्याला टेकवलेला माझा हात भाजत होता आणि मला तो काढायचं सुचत नव्हतं.

आणि मनात काय चाललं होतं, तेही सांगून टाकते. आता ह्या वयात लपवून काय करू? पहिल्यांदा आलं, नवऱ्याला फोन कसा करू. ते माजरीला कोळशाच्या खाणीत होते, आठवड्याला यायचे. त्यांना काय सांगू, की तुमच्या आईला मी पाठवलं? मग आलं, लोक काय म्हणतील. आणि त्यानंतर, देवा, त्यानंतर चक्क हे आलं की आता माझं कंत्राट वाढणार नाही. वाघिणीच्या रानात सासू हरवलेली, आणि सूनबाई आपल्या नोकरीचा विचार करताहेत! स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाही तो विचार काही जाईना.

आतून डब्याचा आवाज लांब गेला, मग थांबला. बाहेर बाया एकमेकींच्या हाताला धरून उभ्या होत्या. मग भाऊ झाडीतून बाहेर आले. हातात टोपली होती. रिकामी. मोहाची चार-दोन फुलं तळाला चिकटलेली.

"उलटी पडली होती," ते म्हणाले. "सांडून गेलं सारं. रक्त नाई बाई, रक्त कुठीच नाई. मी पायलं."

रक्त नाही, हे ऐकून मला धीर यायला पाहिजे होता. मला फक्त 'रक्त' हा शब्द ऐकू आला. मी दार उघडून खाली उतरले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "मामीजी!"

आणि रानातून नाही, आमच्या पाठीमागून, शेताच्या बाजूनं आवाज आला.

"काऊन बोंबलून राह्यली बापा? इथी आहो मी!"

नाल्याच्या ह्या काठाला कुणाचं तरी हरभऱ्याचं शेत होतं, पीक निघून गेलेलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रानडुकरांपासून पीक राखायचं मचाण होतं, चार बल्ल्यांवर बांधलेलं, उंच. त्यावर मामीजी बसल्या होत्या. पाय पोटाशी घेऊन, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. मी धावले. भाऊ माझ्या पुढं धावले.

वानरं ओरडली तेव्हा मामीजींनी मान वर केली होती. झाडापलीकडच्या झुडपांत पिवळं काही तरी सरकताना दिसलं. वाघीण होती की नाही, कोण जाणे. त्यांनी थांबून बघितलं नाही. टोपली टाकली, तोंड तिकडंच ठेवून मागं-मागं चालत निघाल्या, नाला ओलांडून ह्या बाजूला आल्या, आणि मचाण दिसलं तशा वर चढल्या. सत्तरीच्या बाईला त्या शिडीचे बांबू कसे सापडले ते तिलाही आठवत नव्हतं. हाका ऐकू येत होत्या, पण ओ द्यायला घशातून आवाजच निघेना. मी ओरडले तेव्हा कुठं निघाला.

"उतरा आता," मी खालून म्हटलं.

"नाई उतरत."

"मामीजी, वाघीण नाही इकडं. उतरा."

"मले उतरता येत नाई," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा मला त्यांचे हात दिसले. मचाणाच्या बल्लीला मिठी मारलेले. मी घरात आल्यापासून त्या हातांनी असा कशाचा आधार घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. आमची सून-सासूची जुनी कुस्ती होती. त्या माझ्या कॉम्प्युटरला चिडवायच्या, मी त्यांच्या जुनेपणाला. पण ती बाई भीत नाही, हे मी धरूनच चालले होते. भाऊ वर चढले, त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. मी हात धरला तर तो बर्फासारखा, एवढ्या उन्हात.

घरी पोचवून मी पुन्हा ऑफिसात गेले. साहेबांना सांगितलं, चूक माझी, क्रम मी बदलला, पाट्या मी नाही बदलल्या. ते रागावले, आणि त्यांनी रागवायलाच पाहिजे होतं. पण मला त्याहून जास्त भीती पुढच्या सकाळची होती. दुसऱ्या दिवशी भोंगा परत वाजणार होता. म्हणून मी बसले. प्रश्नचिन्हं का येतात ते शोधायला वेळ नव्हता, तर निदान एवढं केलं, की पाटी जागा बघून लागणार नाही, नाव बघून लागेल. क्वेरीत प्रत्येक रकान्याला त्याचं साधं, सरळ नाव देऊन ठेवलं. पान ते नाव वाचतं आणि त्याचीच मराठी पाटी वर लावतं. आता वाघाचा रकाना डावीकडं न्या की उजवीकडं, 'वाघ आहे' ही पाटी त्याच्या डोक्यावरच बसून राहणार. मग मी मुद्दाम क्रम उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. प्रत्येक वेळी पाटी आकड्यांबरोबर हलली. तरी माझं समाधान होईना. भाऊंना बोलावून त्यांच्याकडून आमच्या गावाची ओळ वाचून घेतली. त्यांनी एकदा वाचली. मी म्हटलं परत वाचा. ते म्हणाले, "बाई, बरोबर आहे वो." मी म्हटलं, परत वाचा.

प्रश्नचिन्हांचं कोडं पुढं सुटलं, पण तो वेगळा किस्सा, आणि त्यात कुणाचा जीव अडकला नव्हता. ह्या एका चुकीनं मला एक खोड मात्र लावली. आजही कोणत्याही तक्त्यावर, बसच्या असो की दवाखान्याच्या, माझा विश्वास बसत नाही. नात बंगलोरला अशाच कामात आहे. तिनं काही बनवून दाखवलं की मी विचारते, ह्या पाट्या कोणी लावल्या, तू की मशीननं? ती म्हणते, 'आजी, किती घाबरतेस!' घाबरते. घाबरायलाच पाहिजे.

त्या संध्याकाळी घरी आले तर मामीजी अंगणात खाटेवर बसल्या होत्या. चहा समोर गार होऊन गेला होता. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. क्वेरी म्हणजे काय, पाटी म्हणजे काय, साहेब काय म्हणाले, बस, रंग. रंगाचंही सांगितलं. चष्मा काढून सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या येतील, आल्या तर बरं होईल. आल्या नाहीत.

मी म्हटलं, "मामीजी, उद्या नका जाऊ. सांजेच्या मागावरून वाघीण दूर सरकलीय, पानावर आपला कक्ष मोकळा आहे आणि पान आता बरोबर आहे, पण उद्या नका जाऊ."

त्यांनी गार चहा एका घोटात पिऊन टाकला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या:

"मोह काई माह्यासाठी झाडावर थांबत नाई. उद्या मी जाईन. पण तू बी चालजो माह्यासंगं, साहेबाले सुट्टी माग. तुह्या पाटीवर मोकळं लिवलं आहे ना, तं पहिले तू त्या झाडाखाली वाकून दाखव, मी मांगं उभी राहून पाहाते."